दोन डबे, एक नळी आणि हवेची श्यानता

पोकळी

गेले चार महिने एका प्रयोगामागे आहे. तो अर्ध्यावर अडकला आहे, म्हणून हा धागा.

मी पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. श्यानता, म्हणजे व्हिस्कॉसिटी, हा धडा आला की प्रयोगशाळेत ठरलेले प्रयोग होतात. एरंडेल तेलात छोटी गोळी सोडायची, नाहीतर केशनलिकेतून पाणी वाहू द्यायचं. दोन्ही द्रवांचे. वायूंनाही श्यानता असते हे फळ्यावर लिहून आम्ही पुढे जातो. यंदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, हवेची श्यानता आपण स्वतः मोजू शकतो का?" मी हो म्हणून बसले आणि मग शोधायला लागले.

२७ अंश सेल्सिअसला हवेची श्यानता सुमारे १८.५ मायक्रोपास्कल-सेकंद असते, पाण्याच्या साधारण पंचेचाळिसावा भाग. एवढं मंद घर्षण मोजायचं कसं? वाचताना एक उपकरण सापडलं आणि मी त्याच्या प्रेमातच पडले. १९५३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये मार्टिन ग्रीनस्पॅन आणि त्यांचे सहकारी विमेनिट्झ यांनी वायूंसाठी एक ध्वनी-श्यानतामापक सुचवला. दोन बंद कोठड्या आणि त्यांना जोडणारी एक अरुंद नळी, एवढंच. एका कोठडीत आवाज सोडला की नळीतल्या हवेचा खांब बुचासारखा पुढे-मागे हलतो. एका बाजूची हवा दाबली जाते, दुसऱ्या बाजूची सैलावते, मग उलट. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो घुमारा येतो त्याचीच ही जोडगोळी.

आता यात श्यानता कुठे आली? नळीच्या मधोमध हवा मोकळेपणी हलते, पण भिंतीला टेकलेली हवा हलत नाही. या दोघींच्या मध्ये एक पातळ थर असतो, तिथे हवेचे पदर एकमेकांवर घासतात. माझ्या नळीत या थराची जाडी ०.१६ मिलिमीटरच्या आसपास येते. एका ठरावीक सुराला हा खांब सगळ्यात जोरात हलतो, तो अनुनाद (रेझोनन्स); आलेखात तिथे शिखर दिसतं. घासण्यात ऊर्जा जाते आणि हे शिखर बोथट होतं. म्हणून शिखराची रुंदी मोजली की थराची जाडी कळते आणि जाडीवरून श्यानता. हवा कुठून कुठे वाहून न्यायची नाही, गोळी सोडायची नाही, घड्याळ लावायचं नाही. नुसतं ऐकायचं.

माझी मापं अशी: ॲल्युमिनियमच्या दोन कोठड्या, आतला व्यास ५० मिमी, लांबी ५१ मिमी, म्हणजे प्रत्येकी १०० मिलिलिटर. मधे पितळी नळी, आतला व्यास १० मिमी, लांबी १०० मिमी. सगळं लेथवर करून घेतलं. एका कोठडीत इअरफोनचा छोटा स्पीकर, दुसरीत छोटा माइक. लॅपटॉपवरून एकेक हर्ट्झ पुढे सरकत सूर सोडला आणि माइकचा प्रतिसाद नोंदवला. ठिकाण पुणे, हवेचा दाब ९५ किलोपास्कल, तापमान २७ अंश.

अनुनाद २०४ हर्ट्झला मिळाला. कागदावरचं सोपं गणित २१२ सांगतं. पण नळीची आणि कोठडीची लांबी तरंगलांबीपुढे अगदीच नगण्य नसते, शिवाय भिंतीलगतचा थर हवेला थोडा जड करतो. हे दोन्ही धरलं की २०५-२०६ येतं. इथवर मी खूश.

अडचण रुंदीची. शिखराची उंची दोन्ही बाजूंना सत्तर टक्क्यांवर येते तिथलं अंतर मी ८.६ हर्ट्झ मोजलं. कोठड्यांच्या भिंतींत उष्णता जाते त्याचा वाटा वजा केला, नळीच्या दोन टोकांपाशी होणारं जादा घर्षणही धरलं. तरी श्यानता येते २३.४. पंचवीस टक्क्यांहून जास्त चूक. कुठे चुकतेय?

चिकूचं_झाड

ताई, फार आवडलं. बाळबोध प्रश्न आहे, पण विचारते. श्यानता म्हणजे दाटपणाच ना? मग हवेचा दाटपणा मोजायला वजन का पुरत नाही?

पोकळी

अजिबात बाळबोध नाही. माझी मुलंही इथेच अडखळतात. बोलताना आपण पाक दाट झाला म्हणतो तेव्हा तो चिकट झाला असं म्हणायचं असतं, आणि धुकं दाट म्हणतो तेव्हा एका जागी खूप थेंब आहेत असं म्हणायचं असतं. शब्द एक, गोष्टी दोन. वजनाने दुसरी कळते, पहिली नाही. म्हणून मी श्यानता हा परिभाषेतला शब्द धरते. काही पुस्तकांत विष्यंदिता असंही लिहितात.

वायूची गंमत अशी की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून नसतात. तरी घर्षण होतं, कारण वेगाने जाणाऱ्या पदरातले रेणू संथ पदरात शिरतात आणि आपला वेग तिथे देऊन टाकतात. तापवल्यावर रेणू जास्त वेगाने ये-जा करतात, म्हणून वायूची श्यानता वाढते. तेल तापवलं की पातळ होतं, त्याच्या नेमकं उलट.

संयंत्र

वाचतोय. रासायनिक कारखान्यात तीस वर्षं काढली, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

हे उपकरण नुसतं शाळा-कॉलेजच्या टेबलापुरतं नाही, हे आधी सांगतो. ग्रीनस्पॅनची कल्पना बरीच वर्षं पडून होती. १९९६ मध्ये गिलिस, मेल आणि मोल्डोव्हर यांनी ती पुन्हा हातात घेतली. तोवर त्या संस्थेचं नाव निस्ट झालं होतं. त्यांना ती का हवीशी वाटली, ते कारखान्यातला माणूस लगेच ओळखेल. चिप बनवणाऱ्या उद्योगात नायट्रोजन ट्रायफ्लोराइडसारखे वायू मोजून-मापून सोडावे लागतात. प्रवाह किती, हे ठरवायला त्या वायूचे गुणधर्म ठाऊक हवेत, श्यानता त्यातलाच एक. असे विषारी, गंज चढवणारे वायू केशनलिकेत घालून मोजायचे म्हणजे डोक्याला ताप. इथे हलणारा भाग एकही नाही. पोकळी सगळी धातूची ठेवता येते, आणि आवाज पातळ धातूच्या पडद्याआडून आत पाठवता व बाहेर ऐकता येतो. नायट्रोजन ट्रायफ्लोराइड आणि नायट्रस ऑक्साइडची मापनं २००४ मध्ये याच पद्धतीने प्रसिद्ध झाली.

आता तुमच्या चुकीकडे. पहिला प्रश्न: आवाज किती मोठा ठेवलाय? नळीच्या तोंडाशी कड धारदार असेल आणि आवाज मोठा असेल, तर हवा तिथे भोवरे सोडते. ती ऊर्जाही तुमच्या रुंदीत मिसळते आणि तुम्हाला ती श्यानताच वाटते. आवाज निम्मा करून बघा. रुंदी बदलली, तर उत्तर तिथेच आहे. खऱ्या श्यानतेला आवाज लहान की मोठा याच्याशी देणंघेणं नसतं.

दुसरं, माइकच्या तारेचं भोक कशाने बुजवलंय?

बासरीवेडा

मी भौतिकशास्त्राचा नाही, बासरी वाजवतो आणि बनवतोही. धागा वाचून एक जुनं कोडं सुटल्यासारखं वाटतंय. बांबू आतून खरखरीत राहिला की बासरी बसकी वाजते. आतून घासून तेल दिलं की तीच बासरी उघडते. गुरुजी म्हणायचे, हवेला वाट मोकळी कर. हे तुमच्या त्या भिंतीलगतच्या थरामुळेच का?

पोकळी

@बासरीवेडा, त्यात याच थराचा मोठा हात आहे. १८६८ मध्ये किरखॉफने नळीतून जाणाऱ्या आवाजाचं पूर्ण गणित मांडलं, घर्षण आणि उष्णता दोन्ही धरून. त्या सूत्रात तुमच्यासारखी नळी घातली, आतला व्यास १८ मिमी आणि सूर ५०० हर्ट्झचा, तर गुळगुळीत भिंत असूनही दर मीटरला सुमारे ०.६५ डेसिबल आवाज भिंतीपाशीच विरतो. बासरीच्या खालच्या सुरांत फुंकरीतली बरीचशी ताकद अशी आतल्या आत जिरते, बाहेर ऐकू येते ती थोडीच. भिंत खरखरीत किंवा सच्छिद्र असली की हा भार आणखी वाढतो. तेल सूक्ष्म छिद्रं बुजवतं.

@संयंत्र काका, आवाज मी मोठाच ठेवला होता, कारण माइकमध्ये खरखर येत होती. भोक सेलोटेपने बुजवलंय. दोन्ही तपासून सांगते.

तिठा

एक शंका. इतकी खटपट कशाला? आवाज मोकळ्या हवेतून जातानाही श्यानतेमुळे विरतो ना? स्टोक्सने १८४५ मध्येच ते सूत्र दिलंय. मैदानात एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. झालं.

पोकळी

@तिठा, मीही सुरुवातीला तिकडेच वळले होते. आकडे बघा. श्यानता आणि उष्णतावहन दोन्ही धरून अभिजात सूत्र १ किलोहर्ट्झला किलोमीटरमागे सुमारे ०.१ डेसिबल घट सांगतं. खऱ्या दमट हवेत ती घट किलोमीटरला ५ डेसिबलच्या आसपास असते. उरलेलं कोण खातं? ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे रेणू. रेणूंच्या आतल्या कंपनात ऊर्जा शिरते, थोडा वेळ अडकते आणि उशिरा परत येते. त्या उशिरामुळे आवाज विरतो, आणि तो किती विरेल हे हवेतल्या बाष्पावर ठरतं. म्हणजे मैदानात तुम्ही बहुतांशी आर्द्रता मोजाल. श्यानता त्या गर्दीत सापडायची नाही.

ग्रीनस्पॅनच्या युक्तीचं मोल मला इथे कळलं. त्याने आवाजाला मुद्दाम भिंतीशी घासायला लावलं. अरुंद नळीत श्यानतेचा वाटा इतका मोठा होतो की बाकीचं सगळं मागे पडतं. माझ्या उपकरणात एकूण रुंदीतला जवळजवळ नव्वद टक्के वाटा श्यानतेचा आहे.

तिठा

पटलं. मग गोल पोकळी का नको? निस्टवाल्यांनी आर्गॉन भरलेल्या गोलात ध्वनीचा वेग मोजून वायू स्थिरांक काढला होता, १९८८ मध्ये. मोल्डोव्हरच होते त्यात.

पोकळी

तेच मोल्डोव्हर! आणि गोल का नको याचं उत्तर मला अतिशय सुंदर वाटतं. गोलातल्या त्रिज्य कंपनात वायू केंद्राकडे आणि केंद्रापासून दूर असा सरळ ये-जा करतो, भिंतीला समांतर सरकतच नाही. त्यामुळे भिंतीपाशी घर्षण होत नाही, फक्त उष्णतेची देवघेव होते. वेग अचूक मोजायचा तर हेच हवं, शिखर सुईसारखं टोकदार मिळतं. पण श्यानता मोजायची तर ती तिथे भिंतीपाशी दिसतच नाही. एका माणसाने आयुष्यात दोन्ही उपकरणांवर काम केलं, एकात घर्षण टाळायचं, दुसऱ्यात मुद्दाम घडवायचं.

चिकूचं_झाड

हे वाचून अंगावर काटा आला. पुढे काय झालं?

पोकळी

आज दुपारी मुलींना घेऊन पुन्हा बसले. आवाज एक चतुर्थांश केला. खरखरीवर उपाय म्हणून प्रत्येक सुराला अर्धं मिनिट थांबून सरासरी घेतली. रुंदी ८.६ वरून ८.१ वर आली. आवाज आणखी कमी केला तर तिथेच राहते. म्हणजे काकांचं निदान बरोबर निघालं, भोवरेच होते. नळीच्या तोंडाशी लेथची बारीक बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची कड, राहिली होती, तीही पॉलिश पेपरने काढली.

मग सेलोटेप काढून भोक एम-सीलने पक्कं बुजवलं. रुंदी ७.९.

८.१ ला श्यानता २०.४ येत होती, ७.९ ला १९.२ येते. रुंदीत जेमतेम अडीच टक्के फरक आणि उत्तरात सहा. श्यानता ही थराच्या जाडीच्या वर्गावर असते, त्यामुळे रुंदीतली प्रत्येक चूक दुपटीहून जास्त होऊन बाहेर येते. हे मुलींनी स्वतः आकडेमोड करून पाहिलं, मी सांगायच्या आधी.

संयंत्र

शाब्बास. आता दाब बदला. महाबळेश्वरला घेऊन जा, तिथे हवा विरळ.

पोकळी

काका, तोही हिशोब केला. महाबळेश्वरला दाब ८६-८७ किलोपास्कल. थराची जाडी दाबाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे पाचेक टक्के वाढ, आणि थंडीने त्यातलीही थोडी परत जाणार. माझी मापनातली चूकच दोन-अडीच टक्के आहे, फरक नीट दिसायचा नाही. त्यापेक्षा सायकलचा पंप बरा. कोठडीला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवते आणि दाब दुप्पट करते.

ही चाचणी मला मनापासून करायची आहे, तिच्यामागे एक गोष्ट आहे. मॅक्सवेलने १८६० मध्ये रेणूंच्या टकरींचा हिशोब मांडला तेव्हा उत्तर असं आलं की वायूची श्यानता दाबावर अवलंबूनच नाही. हवा निम्मी काढून टाका, घर्षण तेवढंच. त्याला स्वतःलाच ते पटेना. रेणू कमी झाले तर वेग वाहून नेणारे कमी होतात हे खरं, पण प्रत्येक रेणू टक्कर होण्याआधी दुप्पट लांब जातो, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना फेडतात. मग त्याने लंडनमध्ये केन्सिंग्टनच्या राहत्या घरात तारेला टांगलेल्या चकत्या हवेत हेलकावत ठेवून मोजणी केली. पत्नी कॅथरीन मदतीला होती. खोलीचं तापमान राखण्यासाठी शेकोटी पेटती ठेवणं, किटलीतल्या पाण्याची वाफ खोलीत सोडणं ही कामं तिच्याकडे. १८६६ मध्ये निष्कर्ष छापला गेला आणि रेणूंच्या सिद्धान्ताला मोठा आधार मिळाला. माझ्या मुलींना मी कॅथरीनबद्दल आवर्जून सांगते. तापमान राखणं हा प्रयोगाचा निम्मा भाग होता.

बासरीवेडा

पंप मारताना स्पीकर फुटणार नाही ना? त्याचा पडदा फार नाजूक असतो.

पोकळी

बरं झालं आठवण केलीत. स्पीकरच्या पाठीला सुईएवढं छिद्र पाडून ती बाजूही आतल्या हवेला जोडली, म्हणजे दोन्हीकडे दाब सारखा. आणि हवा अगदी सावकाश भरायची. पंपाने हवा तापते, म्हणून भरल्यावर एक तास थांबलो.

निकाल: दाब १९० किलोपास्कल, रुंदी ५.६ हर्ट्झ, अनुनाद २०५ च्या किंचित खाली. श्यानता १९.२. साध्या हवेलाही १९.२ च होती.

एका विद्यार्थिनीने तीनदा आकडेमोड करून घेतली. तिचा विश्वास बसत नव्हता, आणि मॅक्सवेलचाही बसला नव्हता.

तिठा

अप्रतिम. पण १९.२ आणि १८.५ मधला फरक अजून आहेच. हवा बदलून बघा. वेल्डिंगवाल्याकडे आर्गॉन मिळतो. आर्गॉनची श्यानता उत्तम माहीत आहे, आणि त्याला आतलं कंपन नाही, एकटा अणू. दोन वायूंचं गुणोत्तर घेतलं की उपकरणातल्या चुका बऱ्याच अंशी छेदतात.

संयंत्र

+१. मोठ्या प्रयोगशाळाही हेच करतात. त्यांचा मापदंड हीलियम. हीलियमचा अणू इतका साधा की त्याची श्यानता पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) गणितातूनच काढता येते, २५ अंशांना १९.८२. गणितातला आकडा कोणत्याही मोजलेल्या आकड्याहून भरवशाचा, अशी उदाहरणं फार थोडी. हीलियमने उपकरण ठाकठीक करायचं आणि मग अनोळखी वायूकडे वळायचं.

फक्त कार्बन डायॉक्साइडने सुरुवात करू नका. त्याच्या रेणूचं आतलं कंपन तुमच्या २०० हर्ट्झलाही रुंदीत थोडी भर घालेल.

पोकळी

आर्गॉन मिळाला. दोन्ही कोठड्यांतून दहा मिनिटं सोडत ठेवला, खिडक्या उघड्या ठेवून. अनुनाद १९० च्या आसपास उतरला, आर्गॉनमध्ये आवाज हळू चालतो म्हणून. रुंदीत मात्र फारसा फरक नाही. मुली आधी नाराज झाल्या, "मॅडम, हे तर हवेसारखंच!" मग घनता आणि उष्णतेचा वाटा वेगळा काढल्यावर आर्गॉनची श्यानता २३.४ आली. पुस्तकात २२.७. म्हणजे तिथेही जवळपास तेवढीच जास्त. १९.२ भागिले २३.४, गुणिले २२.७: हवेसाठी १८.६.

तिठा

गुणोत्तराने सुटलं. पण ती जादा भर येते कुठून, हे शोधाच. दोन्ही वायूंत सारखीच आहे म्हणजे भूमितीत आहे.

पोकळी

त्याच विचारात होते. श्यानता नळीच्या त्रिज्येच्या वर्गावर जाते, आणि १० मिमी हा आकडा मी दुकानदाराच्या शब्दावर धरला होता. व्हर्नियर नळीच्या तोंडाशीच पोचतो, आतलं काय कळणार? मग १९८८ चा तो गोल आठवला. त्याचं घनफळ त्यांनी आत मावणारा पारा तोलून काढलं होतं. आमच्याकडे पाणी आणि रसायनशास्त्र विभागाचा तराजू. नळीचं एक टोक बंद करून उकळून गार केलेलं पाणी काठोकाठ भरलं, बुडबुडे टिचकी मारून काढले.

१० मिमी व्यास असता तर ७.८३ ग्रॅम पाणी मावायला हवं होतं. पाच वेळा तोललं, दर वेळी ७.७० च्या आसपास. म्हणजे नळी आतून किंचित अरुंद आहे. हा व्यास घातला की हवेची श्यानता १८.९ येते, आणि अपेक्षित अनुनाद २०५-२०६ वरून बरोबर २०४ ला येतो. तो एक-दीड हर्ट्झ पहिल्या दिवसापासून समोर होता. मी त्याकडे पाहिलं आणि खूश झाले, विचारलं काहीच नाही.

उरलेले दोन टक्के नळीच्या दोन तोंडांपाशी असावेत असा माझा अंदाज आहे. तिथल्या जादा घर्षणासाठी मी ढोबळ आकडा धरला होता. मेल यांनी १९९९ मध्ये याच भागाचं संगणकावर सविस्तर गणित केलं, यावरून तो भाग किती नाजूक आहे ते कळतं. त्यासाठी २०० मिमी लांबीची नळी त्याच पितळातून कापून घेतली आहे. टोकं तीच, लांबी दुप्पट, म्हणजे दोन मापनांतून टोकांचा वाटा वेगळा काढता येईल. ती उद्या पाण्याने तोलायची आहे.

चिकूचं_झाड

ताई, माझी मुलगी बारावीत आहे. तिला घेऊन उद्या आले तर चालेल का?

पोकळी

नक्की या. दुपारी दोननंतर या, तोवर खोलीचं तापमान स्थिरावतं. आणि पंखा बंद असतो, तेवढं सांभाळून घ्या.